जमा आणि नावे

नाव आणि वस्तू यांचा काही संबंध असलाच पाहिजे, असा हट्ट धरणाऱ्या माणसाने शहरात राहू नये. आम्ही मुंबईकर धोबीतलावावर तलाव आणि चर्चगेटला गेट न शोधता लहानाचे मोठे झालो. त्यामुळे न्यूयॉर्कचं 'मॅडिसन स्क्वेअर गार्डन' पाहताना मला मुळीच धक्का बसला नाही. ते मॅडिसन चौकात नाही, तिथे बाग नाही, आणि इमारत चौकोनी नसून चक्क गोल आहे. कोणीतरी भर शहरात एक अजस्र पिंप ठेवून विसरून गेला असावा, तशी. १८७९ साली या नावाची पहिली वास्तू खरोखरच मॅडिसन चौकापाशी होती. पुढे बिऱ्हाडं बदलली, दारावरची पाटी तेवढी तीच राहिली. सध्याचं हे चौथं बिऱ्हाड १९६८ सालचं.

मला हे सगळं दाखवलं ते सौ.च्या धाकट्या भावाने. (आमच्या बँकेच्या एलटीसीत अमेरिका बसत नाही, ती मेहुण्याच्या खर्चात बसली.) तो न्यू जर्सीत एडिसनला राहतो आणि नोकरीसाठी रोज गाडीने न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला उतरतो. आता गंमत बघा. हे पेन स्टेशन त्या गार्डनच्या बरोब्बर खाली आहे. वर वीसेक हजार माणसं बास्केटबॉल किंवा आइस हॉकी बघत, नाहीतर गाणं ऐकत बसलेली. आणि खाली, बुटक्या छताखाली, आपली गाडी कुठल्या फलाटावर लागते ते बघत माना वर करून उभे असलेले प्रवासी. कोविडच्या आधी यांचा आकडा रोज सहा लाखांच्या घरात सांगत. वरच्या इमारतीचे खांब खालच्या फलाटांतून गेले आहेत. एकाची करमणूक दुसऱ्याच्या डोक्यावर उभी असते, हे वाक्य इथे अलंकारिक नाही.

पूर्वी असं नव्हतं. १९१० साली इथे जे स्टेशन उभं राहिलं, ते रोमच्या जुन्या स्नानगृहांवरून बेतलेलं. भव्य दगडी खांब, आणि काचेच्या छतातून झिरपणारं ऊन. पुढे मोटारी आणि विमानं आली, रेल्वे कंपनी तोट्यात गेली आणि तिने स्टेशनच्या डोक्यावरची मोकळी जागा विकायला काढली. हवेवर कर्ज मागणारी गिऱ्हाइकं आमच्या काउंटरलाही येतात, पण या कंपनीची हवा खरोखरच खपली. ऑक्टोबर १९६३ मध्ये पाडापाडी सुरू झाली. खांबांचे तुकडे न्यू जर्सीच्या दलदलीत नेऊन टाकले. मेहुण्याची गाडी रोज त्याच दलदलीतून जाते.

व्हिन्सेंट स्कली नावाच्या इतिहासकाराने जुन्या स्टेशनातून शहरात शिरणाऱ्याची तुलना देवाशी केली आणि आताच्या प्रवाशाची उंदराशी. आम्हांला ही उपमा तितकीशी झोंबत नाही. आमच्याकडे देव आणि उंदीर पहिल्यापासून एकत्रच प्रवास करतात.

पण थट्टा बाजूला ठेवली तरी प्रश्न उरतोच. थोड्यांच्या अधूनमधूनच्या आनंदासाठी पुष्कळांची रोजची सोय आणि डोळ्यांचं सुख काढून घ्यावं का?

मी पडलो बी.कॉम. मी आधी जमा आणि नावे अशा दोन बाजू मांडल्या. जमेची बाजू काही किरकोळ नाही. ८ मार्च १९७१ ला इथेच महंमद अली आणि जो फ्रेझर यांची ती जगप्रसिद्ध लढत झाली. त्याच साली १ ऑगस्टला इथेच पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी एका दिवसात दोन कार्यक्रम केले. रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ वाद्यं जुळवत होते, तेवढ्यात श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला! जुळवणं एवढं आवडलं तर वादनही आवडेल अशी आशा आहे, अशा अर्थाचं काहीतरी पंडितजी हसून बोलले. तिकिटांचे सुमारे दोन लाख त्रेचाळीस हजार डॉलर युनिसेफकडे गेले. भुकेल्या पोरांच्या तोंडी दोन घास पडत असतील, तर चार खांब गेले म्हणून काय बिघडलं?

इथे माझ्यातला कारकून आडवा आला. बँकेतला एक साधा नियम आहे. गोखल्यांच्या खात्यात शिल्लक आहे म्हणून कुलकर्ण्यांची थकबाकी फिटत नाही. कुलकर्ण्यांना कितीही बरं वाटलं तरी गोखल्यांची सही लागते. एकूण बेरीज शून्य आली म्हणजे व्यवहार झाला, असं होत नाही. कोणाचं गेलं आणि कोणाला मिळालं, हे बघावं लागतं. वरच्या वीस हजारांचा आनंद खरा, निर्वासितांना मिळालेली मदतही खरी. पण खालच्या सहा लाखांची सही त्या कागदावर कुठेच नाही.

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, पण खातं जॉइंट आहे ना! सोमवारी मी खाली असतो, एखाद्या शनिवारी वर." मुद्दा बिनतोड वाटला. मग मी वरच्या तिकिटाचा दर विचारला. त्याने सांगितला, मी त्याला पंच्याऐंशीच्या आसपास गुणलं आणि माझ्या लक्षात आलं, की या जॉइंट खात्यात निम्म्या खातेदारांना चेकबुकच दिलेलं नाही.

मग पाडून टाकावं का? तशी मागणी करणारे आहेत. २०२३ साली शहराने गार्डनला फक्त पाच वर्षांचा परवाना दिला; जगप्रसिद्ध वास्तू, पण राहते पोटभाडेकरूसारखी. मात्र मेहुण्याच्या मुलीने आयुष्यातला पहिला मोठा जलसा तिथेच ऐकला. तिच्या लेखी तेच पिंप म्हणजे न्यूयॉर्क. उद्या ते पाडलं तर १९६३ च्या नोंदीखाली तशीच आणखी एक नोंद होईल, आणि सही या वेळीही कोणी घेणार नाही.

आमच्याकडे हिशेब जुळत नाही तेव्हा फरकाची रक्कम सस्पेन्स अकाउंटला टाकतात. ती विसरण्यासाठी नव्हे. रोज डोळ्यांत खुपावी म्हणून. न्यूयॉर्कने तेच केलं. स्टेशन गेल्याचा सल मनात धरून १९६५ साली जुन्या वास्तू जपण्याचा कायदा केला, १९७८ साली तो सुप्रीम कोर्टात टिकला, आणि त्यामुळे ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या डोक्यावर येऊ घातलेला मनोरा टळला. पाडलेलं परत आलं नाही, पण दुसऱ्याचं वाचलं. अन्यायाची भरपाई होत नसेल तर निदान तो खात्यावर उभा राहू द्यावा, 'राइट ऑफ' करू नये. मला वाटतं, माणसाला एवढी नीती जमण्यासारखी आहे.

हा विचार मी मेहुण्याला फलाटांच्या बोर्डाखाली उभं राहून सविस्तर सांगितला. त्याने मान वर करूनच सगळं ऐकलं आणि म्हणाला, "पटलं भाऊजी, अगदी पटलं. गाडी लागली, पळा!"