बुटात लपवलेले पैसे

फेदेरिको फेलिनीचा 'इल बिदोने' १९५५ साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला, तेव्हा तो फारसा कुणाला आवडला नाही. त्या वर्षीचा सुवर्णसिंह ड्रायरच्या 'ऑर्डेट'ला मिळाला. अमेरिकेत हा चित्रपट पोचला तोच १९६४ साली, म्हणजे 'ला दोल्चे वीता' आणि 'साडेआठ' बघून झाल्यावर. आधी 'ला स्त्रादा', नंतर 'काबिरियाच्या रात्री', आणि या दोन लाडक्या भावंडांच्या मधे हे अबोल मूल. आजही त्याच्याविषयी बोलणाऱ्यांचे दोन तट पडतात. एका तटाच्या मते ही फेलिनीची पडती बाजू. दुसऱ्याच्या मते त्यानं इतकं कठोर आणि इतकं खरं दुसरं काही केलंच नाही. मी दुसऱ्या तटातला आहे. पण त्या तटातले लोक ज्या कारणासाठी चित्रपट डोक्यावर घेतात, ते कारण मात्र मला पटत नाही.

आधी चित्रपटातल्या भामट्यांचा धंदा. गावाबाहेर मोटार थांबते. आतली माणसं पाद्र्यांचे झगे चढवतात आणि त्यांच्यातला सर्वांत थोराड ऑगुस्तो वरच्या दर्जाचा धर्माधिकारी होतो. शेतकऱ्याच्या अंगणात उतरून गंभीरपणे सांगायचं, की मरणाच्या दारातल्या एका गुन्हेगारानं कबुली दिली आहे: आपल्या साथीदाराला मारून त्यानं लुटीच्या मालासकट तुमच्या शेतात पुरलं. खणायला लागायचं. हाडं निघतात, पेटीही निघते, कारण दोन्ही यांनीच पुरून ठेवलेली असतात. मग खरी मेख. खजिना कायद्यानं तुमचाच, आम्हाला त्यातलं काही नको. फक्त त्या जिवाच्या शांतीसाठी अमुक इतक्या प्रार्थना व्हाव्यात अशी त्याची शेवटची इच्छा आहे, तेवढा खर्च रोख द्या. खोटे दागिने मागे राहतात आणि घरातली खरी पुंजी मोटारीत बसून जाते.

या युक्तीत नुसता लोभ असता तर एखादा शहाणा शेतकरी सावध झाला असता. नुसती श्रद्धा असती तर कुणी एवढी मोठी रक्कम काढून दिली नसती. इथं लोभाला धर्मकार्याचा रस्ता दाखवला आहे. पैसे देताना त्या माणसाला आपण हावरट आहोत असं क्षणभरही वाटत नाही, उलट पुण्य पदरात पडल्यासारखंच वाटतं. मराठी प्रेक्षकाला हा प्रसंग परका वाटण्याचं कारण नाही. गुप्तधनाच्या नावाखाली घरातली जमीन उकरायला लावणारे बाबा आपल्याकडे इतके झाले, की २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी कृत्यांची दखल घ्यावी लागली.

दुसरा प्रसंग मला याहून भयंकर वाटतो. रोमच्या झोपड्यांच्या वस्तीत हेच लोक सरकारी माणसं होऊन जातात. हातात कागद, तोंडात साहेबी भाषा. घरं मंजूर झाली, पहिला हप्ता आत्ता भरा. वस्ती अक्षरशः अंगावर येते. पैसे द्यायला लोक एकमेकांना ढकलतात. युद्धानंतरच्या इटलीत घरांची टंचाई भीषण होती आणि १९४९ पासून 'इना-काझा' या सरकारी योजनेखाली कामगारांसाठी वसाहती बांधल्या जात होत्या. म्हणजे ठकांना काही नवं स्वप्न रचावं लागत नाही, सरकारनं दाखवलेलंच ते आठ दिवस आधी घेऊन येतात. 'ला स्त्रादा'नंतर इटलीतल्या डाव्या समीक्षकांनी फेलिनीवर ठपका ठेवला होता की त्यानं नववास्तववाद सोडला आणि तो आत्म्याबित्म्याच्या गोष्टी सांगायला लागला. त्यांनी हा प्रसंग नीट पाहिला असेल का, अशी शंका येते.

सामान्य प्रेक्षकाची पहिली तक्रार मात्र साधी असते: ठकांचा चित्रपट आणि मजा कशी नाही? तक्रार रास्त आहे. फसवणुकीची गोष्ट म्हटली की आपण नकळत फसवणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसतो, त्याच्या चलाखीला दाद देतो. तीन वर्षांनी दिग्दर्शक मोनिचेल्लीनं 'ई सोलिती इन्योती'मध्ये हेच करू दिलं. तिथले चोर भिंत फोडून भलत्याच खोलीत शिरतात आणि शेवटी स्वयंपाकघरात बसून पास्ता आणि छोले खातात. आपण पोट धरून हसतो, कारण त्यात कुणा गरिबाचं काही जात नाही. फेलिनी ही सवलत देत नाही. युक्ती सफाईनं पार पडते आणि त्याच वेळी पैसे मोजणाऱ्या म्हातारीची बोटं दिसत राहतात. दाद द्यायला उचललेला हात तिथंच अडकतो.

आणि मग वय. ऑगुस्तो काही फार म्हातारा नाही. पन्नाशीच्या अलीकडचाच आहे. त्याची भूमिका करणारा ब्रॉडरिक क्रॉफर्ड तर चित्रीकरणाच्या वेळी त्रेचाळीस वर्षांचा होता. 'ऑल द किंग्ज मेन'साठी ऑस्कर मिळवलेला हा अमेरिकन नट इथं दुसऱ्याच्या इटालियन आवाजात बोलतो, पण त्याची पाठ, त्याचा जडावलेला चेहरा आणि टोपीखालून बघण्याची पद्धत यांना भाषांतराची गरज पडत नाही. या धंद्यात माणूस वयाच्या आधी म्हातारा होतो, कारण या धंद्यात जमाखाती काहीच राहत नाही. वकिलाचं नाव होतं, सुताराचा हात बसतो, दुकानदाराची गिऱ्हाइकं जोडली जातात. ठकाला मात्र दर सकाळी अनोळखीच असावं लागतं. त्याची ओळख वाढली की धंदा बुडाला. नेमकं तेच होतं. बऱ्याच काळानं भेटलेल्या आपल्या मुलीला घेऊन ऑगुस्तो सिनेमाला जातो, तिच्या नोकरीसाठी लागणारी अनामत भरायचं कबूल करतो, बापासारखा वागायला लागतो. आणि तिथंच बनावट औषधानं फसवला गेलेला एक माणूस त्याला ओळखतो. मुलीच्या डोळ्यांदेखत पोलिसांच्या हवाली.

त्याआधी नववर्षाच्या रात्रीची मेजवानी आहे. रिनाल्दो, याच धंद्यातून वर आलेला, आता आलिशान घरात पाहुण्यांचं स्वागत करतो. ऑगुस्तो त्याच्याकडे एखाद्या धंद्यात सामील करून घेण्याची गोष्ट काढतो, आणि तो ऐकल्या न ऐकल्यासारखं करतो. यावर काही प्रेक्षक म्हणतात की हा प्रसंग फार लांबला. लांबला आहे खरा. पण छोटा ठक आणि मोठा ठक यांत फरक कशाचा, हे तिथं कुणी एक वाक्यही न बोलता कळतं.

आणखी एक तक्रार पिकासोबद्दलची. हा भाबड्या चेहऱ्याचा चित्रकार साथीदार, त्याची बायको इरिस (जुलिएत्ता मासिना) आणि लहान मुलगी. ऑगुस्तो त्याला सांगतो की तुझ्यासारखा देवदूताचा चेहरा असला तर कुणालाही टोपी घालता येईल, पण या धंद्यातल्या माणसानं एकटं असावं. पिकासो घराकडे पळत सुटतो आणि चित्रपटातून जातो तो जातोच. पुढं काय झालं? कळत नाही. चित्रपटाला कात्री लागली आहे आणि तिच्या खुणा लपत नाहीत, हे मान्य. तरी मला हे जाणं बरोबर वाटतं. ज्याला थांबता आलं, त्याच्याशी या गोष्टीला पुढं काही काम उरत नाही.

आता शेवट, ज्यावर सगळं भांडण आहे. तुरुंगातून सुटलेला ऑगुस्तो नव्या टोळीबरोबर पुन्हा तोच झगा चढवतो. पैसे घेऊन झाल्यावर घरातली आई त्याला विनवते, माझ्या मुलीशी दोन शब्द बोला. सुझाना पायांनी अधू, कुबड्यांवर. ती त्याच्याशी श्रद्धेनं बोलते. नंतर वाटेत तो साथीदारांना सांगतो की माझ्यानं पैसे घेववले नाहीत, मी परत केले. झटापट होते, दगडफेक होते, तो उतारावर कोसळतो आणि त्याची पाठ मोडते. झडती घेतल्यावर नोटा त्याच्या बुटात सापडतात.

भाविक प्रेक्षक म्हणतो, मुलीला पाहून त्याचं मन पालटलं होतं. आंद्रे बाझाँसारख्या थोर समीक्षकानंही या चित्रपटाविषयी मुक्तीच्या वाटेच्या भाषेत लिहिलं. हळवा प्रेक्षक म्हणतो, पैसे स्वतःच्या मुलीच्या अनामतीसाठी होते, म्हणून गुन्हा माफ. करडा प्रेक्षक म्हणतो, चोर तो चोर, शेवटी साथीदारांनाही फसवायला गेला. बुटातल्या नोटांनी एवढंच सिद्ध होतं की तो खोटं बोलला. कुणासाठी, हे चित्रपट सांगत नाही आणि माझ्या मते त्यानं सांगूही नये.

मला पश्चात्तापापेक्षा थकवा दिसतो. पश्चात्ताप झालेला माणूस नोटा बुटात ठेवत नाही. पण थकलेला माणूस कधीकधी खरं बोलून जातो. सुझानाशी बोलताना ऑगुस्तोकडे आशीर्वादाची ठरावीक वाक्यं तयार असतात. ती न वापरता तो सांगतो की तुला माझी गरज नाही, इतर कितीतरी लोकांपेक्षा तुझं बरं आहे, तुला देण्यासारखं माझ्याकडे काही नाही. अख्ख्या चित्रपटात तो निखळ खरं बोलतो तो याच ठिकाणी, अंगात खोटा झगा असताना. त्या मुलीला ती धर्मोपदेशकाची नम्रता वाटते आणि ती त्याच्या हाताचं चुंबन घेते. कबुलीजबाबसुद्धा फसवणुकीच्या खात्यात जमा होतो. याला मुक्ती म्हणायला माझी जीभ वळत नाही.

साथीदार नोटा घेऊन निघून जातात. उतारावर ऑगुस्तो एकटा रखडत वर चढतो, आणि आपण सगळे, भाविक, हळवे, करडे, त्याच्या आत्म्याचा हिशोब करत बसतो. सुझानाच्या घरी त्या नोटा परत गेल्या नाहीत, हे या वादांत क्वचितच कुणी काढतं. त्या कुटुंबाचं पुढं काय झालं, असं पिकासोइतक्या तळमळीनं विचारणारा प्रेक्षक मला अजून भेटलेला नाही. मीही हा निबंध ऑगुस्तोवरच लिहिला.