किती माणसं बसतात?



गेल्या महिन्यात एका रात्री साडेअकरा वाजता माझा फोन वाजला. एवढ्या रात्री फोन आला की कुणीतरी अत्यवस्थ असेल, अशीच शंका आम्हा धर्मगुरूंच्या मनात प्रथम येते. पण फोन जर्मनीहून होता. आपल्याच धर्मग्रामातील एक मुलगी तिकडे परिचारिका आहे. तिकडे तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. इकडची तिकडची चौकशी झाल्यावर ती म्हणाली, "फादर, मी इथे एक छोटी नवी गाडी घेतली तर ते चुकीचं होईल का?"

मला हसू आले. ती मात्र हसत नव्हती.

तिची अडचण साधी आहे. ती राहते त्या खेड्यापासून तिचे रुग्णालय चौदा किलोमीटरवर आहे. सकाळची पाळी सहाला सुरू होते आणि पहिली बस सहानंतर सुटते. रविवारी आणि सणाच्या दिवशी तर बस जवळपास नसतेच. जर्मनीत मे २०२३ पासून देशभरातील लोकल गाड्या आणि बस यांसाठी एकच मासिक पास मिळतो. ४९ युरोंना सुरू झालेला हा पास २०२५ मध्ये ५८ युरोंचा झाला. तिच्याकडे तो आहे. पण बसच नसेल तर पासाचा काय उपयोग? इतके दिवस बरोबर काम करणारी एक बाई तिला आपल्या गाडीतून नेत असे. ती आता बाळंतपणाच्या रजेवर चालली आहे.

दुसरी बाजू घरची. जर्मन भाषेचे वर्ग, परीक्षा, कागदपत्रे, विमानाचे तिकीट या सर्वांसाठी घरच्यांनी पतपेढीतून कर्ज काढले. वडील कर्जदार, मामा जामीन. अजून अडीच वर्षांचे हप्ते बाकी आहेत. मुलगी दरमहा पैसे पाठवते, आजवर एकही हप्ता चुकलेला नाही. तरी गाडीचे नाव काढताच आई म्हणाली, "आधी कर्ज, मग चैन." त्या 'चैन' शब्दाने मुलगी दुखावली होती.

तिची परवानगी घेऊन मी हे लिहीत आहे. कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांतील मुले-मुली आखातात, कॅनडात, युरोपात आहेत. परदेशी मिळवलेल्या पैशातला आपला किती आणि घरचा किती, हा प्रश्न त्या प्रत्येक घरात कधी ना कधी उभा राहतो. बहुधा तो मोठ्याने विचारला जात नाही. मग मनात अढी बसते.

आणि दुसरे कारण असे की, हीच परीक्षा मी स्वतः दिली आहे. फार चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालो, असे मात्र म्हणता येणार नाही.

२०१० ते २०१४ अशी चार वर्षे मी दक्षिण जर्मनीत चार खेड्यांच्या एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. रविवारी सकाळी दोन गावांत मिस्सा, मग तिसऱ्या गावात बाप्तिस्मा, आठवडाभर आजाऱ्यांच्या भेटी. गाडीशिवाय हे जमणारे नव्हते. आपला भारतीय परवाना तिथे राहायला गेल्यावर सहा महिनेच चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. प्रत्यक्ष परीक्षेत मी पहिल्या खेपेस नापास झालो. पाटी किंवा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, असा तिथला नियम. मी आपल्या इकडच्या सवयीने, जो पुढे घुसेल त्याचा रस्ता असे समजून चाललो होतो!

सुरुवातीला एका वृद्ध शेतकऱ्याने दिलेली सोळा वर्षांची जुनी गाडी मी वापरत होतो. तिथे गाड्यांची दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी होते. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळण्यासाठी मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीचा पत्रा खाते. माझी गाडी तपासणीत बाद झाली. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त होता. तेव्हा तो शेतकरी मला म्हणाला, "यारेसवागन घ्या, फादर." म्हणजे एक वर्ष वापरलेली गाडी. नवी गाडी दुकानातून बाहेर पडली की तिची किंमत उतरू लागते, पहिल्या वर्षी तर सर्वांत जास्त. ती घट दुसऱ्याला सोसू द्यावी, असा त्याचा साधा हिशेब होता.

मी ऐकले नाही. २०११ च्या जुलैत मी हप्त्यांवर नवी कोरी ह्युंदाई आय-१० घेतली. किंमत दहा हजार युरोंच्या आसपास. त्या वेळी युरोपात विकली जाणारी ही गाडी आपल्या चेन्नईजवळच्या कारखान्यात तयार होत असे. विक्रेत्याने ही गोष्ट जरा चाचरतच सांगितली. ऐकून मी मागे हटेन, असे त्याला वाटले असावे. मला मात्र भरून आले. आपल्या माणसांच्या हातची गाडी एवढा समुद्र ओलांडून माझ्याआधी इथे पोहोचली होती!

मी स्वतःला पुष्कळ कारणे दिली. बर्फाचे रस्ते, सुरक्षितता, रात्री-अपरात्री आजाऱ्यांकडे जाणे. ती सर्व कारणे खरी होती. पण एक कारण मी कुणाला सांगितले नाही. आमच्या घराण्यात आजवर कुणीही नवी गाडी घेतली नव्हती. गाडीच्या कागदपत्रांवर पहिले नाव माझे असावे, असे मला वाटत होते.

गाडीशेजारी उभे राहून फोटो काढला आणि दादाला ईमेलने पाठवला. त्याआधी दोन महिने, मे मध्ये, दादाचा फोन आला होता. घराची कौले बदलायची होती, पावसाळा तोंडावर होता. पन्नास हजार रुपये हवे होते. "सध्या हात मोकळा नाही," असे मी सांगितले होते. शब्दाला शब्द लावला तर ते खोटे नव्हते. पण गाडीसाठी बाजूला काढलेली रक्कम तेव्हा बँकेत पडून होती.

फोटो पाहून दादाने फोन केला. रागावला नाही. एवढेच म्हणाला, "छान आहे गाडी. किती माणसं बसतात?" मी म्हणालो, "पाच." तो म्हणाला, "मग बरं," आणि त्याने विषय बदलला. त्या पावसाळ्यात आमच्या माजघरात बादल्या मांडल्या होत्या, हे मला पुढच्या वर्षी सुट्टीवर आल्यावर वहिनीकडून कळले.

मालमत्तेविषयीचा धडा मी सेमिनरीत शिकलो होतो, परीक्षेत त्यावर लिहिलेही होते. ॲरिस्टॉटल 'पॉलिटिक्स'मध्ये म्हणतो की, वस्तूची मालकी खाजगी असावी, पण वापर सामाईक असावा. त्याचे उदाहरण गमतीचे आहे. स्पार्टाचे लोक एकमेकांचे घोडे आपलेच असल्यासारखे वापरीत. त्या काळी घोडा म्हणजे आजची गाडीच! पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार अधिक नेमका केला. वस्तू मिळवण्याचा आणि सांभाळण्याचा अधिकार माणसाला आहे, कारण स्वतःच्या वस्तूची माणूस अधिक निगा राखतो. पण वापराच्या बाबतीत माणसाने ती वस्तू सर्वांची मानावी आणि गरजवंताला सहज देता येईल अशी ठेवावी. धडा पाठ होता. दादाच्या तीन शब्दांच्या प्रश्नाने तो पहिल्यांदा माझ्या घरात शिरला.

कारण आपण सहसा दुसरीच मापे लावतो. पहिले माप ऐपतीचे: हप्ता भरता येतो ना, मग घ्यायला काय हरकत आहे? पण 'परवडते' या शब्दाने फक्त माझ्या खिशाचे उत्तर मिळते. दादाच्या छपराचा हिशेब त्यात कुठेच येत नाही.

दुसरे माप आकाराचे: गाडी छोटीच तर आहे. आम्हा धर्मगुरूंना हे माप फार आवडते. धर्मप्रांतीय धर्मगुरू दारिद्र्याचे व्रत घेत नाहीत, पण त्यांनी साधेपणाने राहावे, असे ख्रिस्तसभेचा कायदा सांगतो. ६ जुलै २०१३ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस सेमिनरियन आणि नवदीक्षितांशी बोलत होते. धर्मगुरू किंवा धर्मभगिनी अगदी नव्या मॉडेलची गाडी घेऊन फिरताना दिसली की आपल्याला वेदना होतात, असे ते म्हणाले. कामासाठी गाडी लागते हे त्यांना मान्य होते, पण ती साधी असावी. ते वाचून मी लगेच मनात म्हणालो, 'माझी छोटीच आहे!' छोटेपणाचीही माणसाला ऐट असू शकते.

तिसरे माप लोकांचे: लोक काय म्हणतील? हे माप तर रबराचे. गाडी घेतली तर 'चैन', नाही घेतली तर 'एवढी वर्षे परदेशात राहून काय केले?'

आणखी एक माप आहे, वेळेचे. इव्हान इलिच यांनी १९७४ च्या एका छोट्या पुस्तकात अमेरिकन माणसाच्या गाडीचा हिशेब मांडला होता. गाडी चालवण्यात, तिच्यासाठी थांबण्यात आणि तिचे पैसे मिळवण्यात तो वर्षाला सोळाशे तास घालवतो आणि सुमारे बारा हजार किलोमीटर जातो. म्हणजे ताशी साडेसात किलोमीटर. सायकल याहून वेगाने जाते! प्रत्येकाला हा हिशेब लागू होईलच असे नाही. पण हप्ता, विमा आणि हिवाळी टायर यांसाठी आपल्याला किती जास्तीच्या पाळ्या कराव्या लागतील, हे प्रत्येकाने एकदा कागदावर मांडून पाहावे. तिथे विम्याशिवाय गाडीची नोंदणी होत नाही आणि नव्या चालकाला विमा महाग पडतो. कर्जाची गाडी असेल तर बँक सहसा पूर्ण विमा मागते.

आता आईच्या बाजूविषयी. कर्ज आधी, हे तिचे म्हणणे खरेच आहे. मामाने सही केली आहे, त्याच्या शब्दाला बट्टा लागता कामा नये. पण परदेशी गेलेले मूल म्हणजे घरची दुभती गाय नव्हे. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे जर्मन तत्त्वज्ञ कांट याने सांगितले. हा नियम परक्यांना लागू आहे, तसाच आईवडिलांनाही आहे. पहाटे पाचला बर्फात उभी राहणारी मुलगी वेळेवर कामावर पोहोचू पाहते. खाटेवरचा रुग्ण तिची वाट पाहत असतो. या गरजेला चैन म्हणणे अन्यायाचे आहे. हप्ता वेळेवर आला, एवढे पाहून आपण तृप्त होतो. तो पाठवणारी कामावर कशी जाते, हे कितीदा विचारतो?

म्हणून मी त्या मुलीला 'घे' किंवा 'घेऊ नको' असे सांगितले नाही. तीन गोष्टी सांगितल्या. एक, गाडी घेण्याआधी आईला सगळा हिशेब सांग. फोटोतून कळू देऊ नको. दोन, नवीच हवी असेल तर का हवी, हे आधी स्वतःला खरे सांग. त्या शेतकऱ्याचा सल्ला मी ऐकला नाही, तू ऐकून पाहा. तीन, बाकीच्या चार सीटवर कोण बसणार, हे गाडी घेण्याआधी ठरव.

पंधरा दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला. एक वर्ष वापरलेली गाडी ठरली आहे. पहाटे तिच्याबरोबर केरळची एक परिचारिका येणार आहे, इंधनाचा खर्च दोघी मिळून करतील. पतपेढीचा हप्ता आहे तसाच चालू राहील. मी विचारले, "आई काय म्हणाली?" ती म्हणाली, "बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, बर्फात सावकाश चालव."

माझ्या गाडीचे काय झाले, तेही सांगतो. मागच्या सीटवर तोवर माझ्या पुस्तकांची पेटी असे. दादाच्या फोननंतर ती मी खाली उतरवली. लांबच्या वाडीतील तीन आजीबाई हिवाळ्यात मिस्साला येऊ शकत नव्हत्या. पुढची तीन वर्षे दर रविवारी त्या माझ्याबरोबर येत. दयाळू शोमरोन्याने वाटेवरच्या जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवले, ही गोष्ट मी अनेकदा प्रवचनात सांगितली होती. त्या वेळी तो स्वतः पायी चालला असेल, हे मात्र माझ्या तोवर लक्षात आले नव्हते.

कौलांचे पैसे मी त्या हिवाळ्यात पाठवले. पुढच्या पावसाळ्यात घर गळले नाही. पण मधला एक पावसाळा गेला, तो मला परत देता येत नाही. दादाने तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

आज तुमच्यापैकी कुणाचे मूल परदेशातून नव्या गाडीचा फोटो पाठवील, तर किंमत विचारण्याआधी दादाचा प्रश्न विचारा. आणि ज्यांच्या अंगणात गाडी उभी आहे, त्यांनी येत्या रविवारी मिस्साला निघताना मागची सीट रिकामी आहे का, ते पाहा. शेजारच्या आळीत एखादी आजी वाट पाहत बसली असेल.

आपला,
फादर