क्षमा करणारा उरला नाही तर: चेन्नईतील कबरींच्या निमित्ताने ज्यू पश्चात्तापविचार

ज्यू धर्मशास्त्रात पश्चात्तापाला तेशुवा म्हणतात. चुकीच्या वाटेवरून माघारी वळणे असा तिचा अर्थ असून, नुसता मनस्ताप म्हणजे तेशुवा नव्हे. बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ आणि धर्मशास्त्रकार मोशे बेन मैमोन, म्हणजेच मैमोनिदेस, यांनी ‘मिश्ने तोरा’ या आपल्या संहितेत पाप सोडून देणे, ते पुन्हा न करण्याचा निश्चय करणे, झाल्या गोष्टीचा खेद वाटणे आणि हे सारे तोंडाने उच्चारून कबूल करणे, असे तिचे घटक सांगितले आहेत; या उच्चारित कबुलीला विदुई असे नाव आहे. तेशुवा पूर्ण झाली की नाही याची त्यांनी दिलेली कसोटी कठोर आहे: तीच संधी, तेच सामर्थ्य आणि तोच मोह पुन्हा समोर आला असताना माणूस पापापासून दूर राहिला, तर ती पूर्ण. याच्याही आधी, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या धर्मसंहितेने एक भेद ठरवून टाकला होता. माणूस आणि ईश्वर यांच्यामधील अपराधांचे क्षालन योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी होते, परंतु माणसाने माणसाचा केलेला अपराध, ज्याचा अपराध केला त्याची समजूत घातल्यावाचून, त्या दिवशीही धुतला जात नाही.

पेच या भेदातूनच निर्माण होतो, कारण ज्याची समजूत घालायची तो माणूस मेलेला असू शकतो आणि त्याची कबरही जागेवर उरलेली नसू शकते. चेन्नईत हा प्रश्न केवळ तर्काचा नाही. सतराव्या शतकात सेंट जॉर्ज किल्ल्याच्या आश्रयाने पोर्तुगीज वंशाच्या ज्यू व्यापाऱ्यांची एक छोटी वसाहत येथे नांदत होती. युरोपातून पोवळी आणायची आणि गोवळकोंड्याचे हिरे तिकडे पाठवायचे, हा तिचा मुख्य व्यवसाय होता. जॉर्ज टाउनमधील कोरल मर्चंट स्ट्रीट या रस्त्याचे नाव त्या पोवळ्यांच्या व्यापाराचीच खूण आहे. १६८८ साली मद्रासची नगरपालिका स्थापन झाली, तेव्हा तिच्या सदस्यांत ज्यू व्यापाऱ्यांनाही स्थान मिळाले. त्याच्या आदल्याच वर्षी मरण पावलेला हिरेव्यापारी जाक द पायव्हा याला पेद्दनायकनपेटेतील, म्हणजे पुढे मिंट स्ट्रीट म्हणून ओळखल्या गेलेल्या भागातील, ज्यू दफनभूमीत पुरण्यात आले. तेथील स्मृतिशिला १९७९ मध्ये कासिमेडूला आणि १९८३ मध्ये लॉइड्स रोडला हलवाव्या लागल्या. ज्या समाजाने त्या उभारल्या, तो या शहरातून जवळजवळ नाहीसा झाला आहे.

या पार्श्वभूमीवर येथे दोन कल्पित व्यक्तींचा संवाद मांडला आहे. एक आहेत कोकणातील बेने इस्रायल, म्हणजे मराठी भाषक ज्यू, परंपरेत वाढलेले निवृत्त अध्यापक, आणि दुसरे आहेत चेन्नईत स्थायिक झालेले त्यांचे मराठी वकील स्नेही. शास्त्रग्रंथांच्या रीतीप्रमाणे पूर्वपक्ष, म्हणजे आक्षेपाची बाजू, वकिलांकडे आहे.

अध्यापकांनी प्रथम नियम सांगितला. “अपराध झालेला माणूस क्षमा मागण्याआधीच मेला, तर अपराध्याने दहा जणांना त्याच्या कबरीपाशी न्यावे आणि त्यांच्या देखत, ईश्वराचा आणि या अमुक माणसाचा अपराध झाला व तो असा असा झाला, हे बोलून दाखवावे, असे मैमोनिदेस सांगतात. पैशाचे देणे असेल तर ते वारसांना द्यावे, आणि वारस ठाऊक नसतील तर ते बेत दीन, म्हणजे धर्मन्यायसभा, हिच्याकडे ठेवून कबुली द्यावी.”

“सर, या शहरात त्यातले काय शक्य आहे?” वकिलांनी विचारले. “शिळा तीन ठिकाणी उभी राहून झाली, दहा ज्यू गोळा करायचे तर बाहेरगावाहून आणावे लागतील, वारस जगात कुठे विखुरले ते कोणी सांगू शकत नाही आणि न्यायसभा इथे नाहीच. शिवाय हे सगळे जमले, तरी क्षमा करणार कोण? मौनं संमतिलक्षणम् हे वचन मेलेल्या माणसाला लागू पडत नाही. त्या दहांना त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणी दिला?”

“कोणीच दिलेला नाही, वकीलसाहेब, आणि तसा दावाही केलेला नाही. मैमोनिदेसांचा तो नियम पुन्हा वाचून पाहा. एवढे केल्यावर क्षमा मिळाली, असे ते तिथे म्हणत नाहीत. दहा जण आहेत ते साक्षीदार म्हणून. मेलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही. ती मांडण्याचे काम अपराध्याच्याच तोंडून, चारचौघांत करवून घेतले जाते. कबर हलली म्हणून ते काम रद्द होत नाही.”

हे उत्तर वरवर पाहता माघार वाटेल, पण ज्यू विचाराचे बळ या ठिकाणीच आहे. जिवंत माणूस क्षमा नाकारत असेल, तर तीन मित्रांना बरोबर घेऊन तीनदा त्याच्याकडे जावे, त्यानंतरही तो अडून राहिला तर दोष त्याच्याकडे जातो, असा नियम आहे. अपवाद फक्त गुरूचा, त्याच्याकडे हजारदा जावे लागते. म्हणजे जिवंताच्या नकाराला मर्यादा घातलेली आहे. मृताच्या मौनाला मात्र अशी कोणतीही मुदत शास्त्राने लावलेली नाही.

वकिलांनी मग आणखी अवघड प्रकरण पुढे केले. एखाद्या पेढीने पिढ्यान्‌पिढ्या तराजूत थोडे थोडे मारले असेल, तर ज्यांना लुबाडले त्यांची नावेही कळणार नाहीत. कबर शोधायची ती कोणाची?

अध्यापकांनी त्यावर तालमूदमधील, म्हणजे मिश्नावरील चर्चेच्या विशाल ग्रंथातील, एक हकीकत सांगितली. अब्बा शाऊल बेन बोटनीत नावाच्या व्यापाऱ्याने मापावर येणाऱ्या फेसामुळे गिऱ्हाइकांना कमी गेलेली दारू बाजूला साठवली. तिचे तीनशे रांजण झाले, तेव्हा ते घेऊन तो जेरुसलेमच्या कोषाध्यक्षांकडे गेला. याची गरज नाही, असे त्यांनी सांगूनही तो ते परत नेईना. तेव्हा, एवढी सक्ती स्वतःवर केलीच आहे तर त्यातून सार्वजनिक गरजा भागवाव्यात, असा निर्णय त्यांनी दिला. ज्याला आपण कोणाला लुबाडले हे ठाऊक नाही त्याने लोकांच्या उपयोगाची कामे करावीत, हा नियम तिथेच उद्धृत झाला आहे, आणि ती कामे कोणती, तर विहिरी, चर आणि पाण्याची टाकी. टीकाकारांनी त्याचे कारणही दिले आहे: पाणी सगळ्यांनाच लागते, म्हणून लुबाडल्या गेलेल्यांपर्यंतही ते पोचण्याचा संभव असतो.

“मिंट स्ट्रीटच्या शेजारीच सेव्हन वेल्स आहे,” वकील म्हणाले. “अठराव्या शतकात किल्ल्याला पाणी पुरवण्यासाठी खोदलेल्या विहिरींवरून त्या वस्तीला नाव पडले. २०१९ च्या उन्हाळ्यात या शहराचे जलाशय कोरडे पडले होते, तेव्हा इथे पाण्याचे मोल काय आहे हे कोणाला सांगायला नको. पण म्हणूनच भीती वाटते, सर. लुबाडणारा विहीर खोदतो, लोक त्याला दुवा देतात आणि त्याच्या नावाची पाटी लागते. ज्याचे वजन मारले गेले, तो त्याच पाटीखाली रांगेत उभा राहतो. देण्याला दानाचे रूप आले की देणेकऱ्याचा दाता होतो.”

“पाटी लावणे हीच तिथे दुसरी चोरी ठरेल,” अध्यापकांनी लगेच मान्य केले. “कृतज्ञतेचे बांधकाम वेगळे. टिपूच्या कैदेतून सुटलेल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईतले पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, बांधले. त्याला त्यांचे नाव जोडले गेले, ते योग्यच झाले. भरपाईच्या विहिरीवर मात्र नाव कसले घालायचे? शिवाय ज्यांची नावे ठाऊक आहेत त्यांचे आधी परत करायचे. विहीर फक्त उरलेल्यासाठी. आणि एवढ्यावरही तालमूद अशा लोकांची तेशुवा कठीण असल्याचे सांगतो. कठीण हा त्याचाच शब्द आहे. तो त्याने मागे घेतलेला नाही.”

वकिलांचा कल तरीही कठोरतेकडेच होता. चोरलेली तुळई घराच्या बांधकामात बसवली असेल, तर संपूर्ण घर पाडून तीच तुळई परत करावी, असे प्राचीन ज्यू पंडित शम्माय याच्या संप्रदायाचे मत होते, आणि ते त्यांना अधिक प्रामाणिक वाटत होते. त्याचा प्रतिपक्षी असलेल्या हिल्लेलच्या संप्रदायाने मात्र किंमत चुकती केली तरी पुरे असे ठरवले, आणि पुढे तेच ग्राह्य धरले गेले, कारण घर पाडावे लागेल या भयाने कोणी माघारी वळणारच नाही. त्यामागील भय तालमूदमधील एका दरोडेखोराच्या गोष्टीत दिसते. तो तेशुवा करायला निघाला, तेव्हा बायकोने त्याला बजावले की तसे केले तर कमरेचा पट्टासुद्धा त्याचा उरणार नाही, आणि तो थांबला. त्यावरून पंडितांनी असेही ठरवले की माघारी आलेल्या लुटारूने भरपाई देऊ केली, तर ती न घेणे बरे.

“म्हणजे लुटारूच्या आत्म्याचा उद्धार लुटलेल्याच्या खर्चाने!” वकील म्हणाले.

या आक्षेपाला अध्यापकांनी बगल दिली नाही. बाराव्या शतकात फ्रान्समधील तालमूद-भाष्यकार रब्बेनू ताम यांनी ती सवलत केवळ त्या एका पिढीपुरती होती असे म्हटले, ही गोष्ट सांगून, ज्यू परंपरेलाही ही सवलत सलत राहिली असावी, असे ते म्हणाले. येथे वकिलांचीच बाजू वरचढ आहे, असे म्हणणे भाग आहे. घर न पाडता तुळईचे पैसे घेणे हा व्यवहार झाला; पैसेही सोडून द्या असे लुटलेल्याला सुचवणे म्हणजे त्याच्याकडून दुसऱ्यांदा काही काढून घेणे होय.

शेवटी अध्यापकांनी आपल्या घरची रीत सांगितली. हिब्रू पोथ्यांशी संबंध तुटलेल्या काळातही कोकणातील बेने इस्रायलांनी योम किप्पूर जपला होता आणि त्याला ते दारफळणीचा सण म्हणत. पांढरी वस्त्रे नेसून, उपास धरून, दारे लावून ते दिवसभर घरात राहत. बाहेरच्यांशी संपर्क टाळत. दुसरा दिवस शिळा सण, आणि त्या दिवशी दानधर्म व भेटीगाठी होत.

“दार लावून घेतले की ज्याचे देणे आहे तो बाहेरच राहतो,” वकिलांनी म्हटले.

“म्हणूनच दार लावण्याआधी त्याच्याकडे जाऊन यायचे असते, आणि दार उघडल्यावर पुन्हा बाहेर पडायचे असते,” अध्यापक उत्तरले. “आतल्या एका दिवसात देणे फिटते, असे मिश्नाने कुठेही सांगितलेले नाही.”

दोघांचे एकमत झाले नाही, तसे होणे आवश्यकही नाही. परंतु निर्णय देता येतो. मृताची क्षमा मिळवता येत नाही, आणि ती मिळाली असे भासवणारा कोणताही विधी खोटा ठरेल. मात्र क्षमा अशक्य असली तरी देणे शिल्लक राहते, आणि तेशुवा त्या देण्याशी बांधलेली आहे. त्या पेढीच्या वारसाने लुबाडलेल्यांच्या ज्ञात वारसांना त्यांचे परत करावे, इतरांच्या वाट्याचे पाणी या शहराला द्यावे, त्यावर नाव घालू नये आणि कबुली दहा जणांसमोर स्वच्छ शब्दांत द्यावी. एकदा कबूल केलेले पाप पुढच्या योम किप्पूरला पुन्हा उच्चारावे की नाही, यावर तालमूदमध्ये वाद आहे. मैमोनिदेसांनी निर्णय दिला तो असा, की माणूस आपल्या तेशुवेवर टिकून असला तरी त्याने ते पुढच्या वर्षी पुन्हा उच्चारावे.