नित्याचे नमस्कार

धर्मशास्त्राने कर्माचे जे भेद केले त्यांतले तीन आपल्या परिचयाचे आहेत : निमित्त घडले की करायचे ते नैमित्तिक, काही हवे म्हणून करायचे ते काम्य, आणि दिवस उगवला एवढ्याच कारणाने करायचे ते नित्य. साधकहो, यांत नित्य सर्वांत कोरडे वाटते. त्याला ना सोहळा, ना फळाचे आमिष. तरी देहाच्या उपासनेचा विचार करू लागले की मन फिरून फिरून या नित्यापाशीच येते.

कारण आपला व्यायाम बहुधा जन्मतो तो नैमित्तिक किंवा काम्य म्हणून. तपासणीत साखरेचा आकडा चढलेला निघतो, किंवा घरात कार्य ठरते आणि दोन महिन्यांत पोट आत हवे असते. यात गैर काही नाही, पण काम्याचा स्वभाव असा की फळ लांबले तर श्रद्धा डळमळते आणि फळ हाती आले तर कर्मच संपते. शरीराची रीत तर आपल्या घाईला मुळीच न जुमानणारी. पहिल्या काही आठवड्यांत जोर वाढल्यासारखा वाटतो तो मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना अधिक नेमके कामाला लावू लागते म्हणून. स्नायूंची भर डोळ्यांना दिसते ती त्यानंतर, आणि स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा, ज्यांना रक्त कमी पोचते, त्या त्याहूनही सावकाश बळावतात. उतावीळ माणसाचा खांदा वा टाच दुखावते, ती बरेचदा या मागे राहिलेल्या कंडरांपायी.

औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार स्वतः नेमाने घातले आणि संस्थानातल्या शाळांतूनही रुजवले. राजाने मुलांसमोर ठेवला तो पराक्रम नव्हता, नित्य होते. नवख्याचा साष्टांग पाहा : कोपरे थरथरतात, छाती सतरंजीवर धप्पकन आदळते, श्वास कुठे घ्यायचा हे कळण्याआधीच संपलेला असतो. तोच माणूस काही महिन्यांनी गुडघे, छाती, कपाळ एकेक करून टेकवत सावकाश उतरतो, आणि हे केव्हा साधले हे त्याला सांगता येत नाही, कारण नित्यात वाढ होते ती मोजणाऱ्याची पाठ वळल्यावर.

आता आणखी एक पदर उलगडू. मीमांसकांनी या दोन कर्मांत मोठा मार्मिक भेद केला आहे. काम्य कर्म सर्व अंगांसह पुरे व्हावे लागते, एक अंग उणे राहिले तर फळावर हक्क नाही. नित्य मात्र यथाशक्ति केले तरी पार पडते, कारण त्यात करण्यालाच महत्त्व आहे. मला हा विचार कोणत्याही व्यायामशिक्षकाच्या तक्त्याहून शहाणा वाटतो. रोज बारा घालणाऱ्याने रात्रपाळीहून आल्यावर तीनच घातले, तर काम्याच्या हिशेबी ते नऊने कमी पडले; नित्याच्या हिशेबी आजचे नमस्कार झाले. बहुतेकांचा नेम मोडतो तो आळसाने नव्हे, 'नीट जमणार नसेल तर कशाला' या सोवळेपणाने.

आणि दिवसच हुकला तर? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर सवयीचा अभ्यास केला. कृती अंगवळणी पडायला लागणारा काळ माणसागणिक 18 पासून 254 दिवसांपर्यंत निघाला, मधला आकडा 66. व्यायामाला खाण्यापिण्याच्या सवयींहून अधिक काळ लागला, आणि एखादा दिवस चुकल्याने घडणीत म्हणावा असा फरक पडला नाही. संध्येची वेळ टळली तर प्रायश्चित्ताचे एक जादा अर्घ्य देतात आणि नेहमीची संध्या करतात. कोणी दुसऱ्या दिवशी दुप्पट करत नाही. चुकलेल्या व्यायामाची भरपाई म्हणून रविवारी दीड तास घाम गाळणारे मात्र पुष्कळ दिसतात, आणि सोमवारी जिना उतरताना कठड्याला धरून असतात. अंगात ताप असेल तेव्हा तर नमस्कार घालूच नयेत, आजाऱ्याला शास्त्रानेही मोकळीक दिली आहे. ताप उतरल्यावर चारांपासून सुरुवात करावी, आणि पुन्हा बारा केव्हा होतील हे शरीराला ठरवू द्यावे.