नाव, धर्म आणि शिक्का

जर्मनीत घर बदललं की दोन आठवड्यांत पालिकेत नोंदणी करावी लागते. २०१५ पासून त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्रही लागतं.

नोंदणीच्या वेळी धर्मही विचारला जातो. पुण्याहून म्युनिकला नोकरीसाठी गेलेला माणूस तिथे थबकतो. आपली श्रद्धा सरकारला कशाला हवी? उत्तर रोकडं आहे. कॅथलिक वा प्रोटेस्टंट चर्चच्या सदस्यांना आयकराच्या ८ किंवा ९ टक्के चर्चकर द्यावा लागतो. हिंदूला तो नाही. चर्च सोडायचं तरी पाद्री नव्हे, सरकारी कचेरीच गाठावी लागते, बर्लिनमध्ये तर चक्क न्यायालय. देवाघरचा काडीमोडही शिक्क्यानिशी!

मग माणूस म्हणजे त्याचे कागदच का? 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला नाव विचारतो. नागसेन नाव सांगतो खरा, पण ते निव्वळ व्यवहारापुरतं, त्यामागे कायमचा कुणी 'मी' नाही, असंही बजावतो. खिडकीपलीकडच्या कारकुनाला हे सांगून पाहावं! अर्थात त्यालाही व्यवहारापुरतंच नाव हवं असतं, फक्त सगळ्या कागदांवर एकसारखं.

तरीही कागदाला माया म्हणून झटकणं ही कागद असलेल्यांची चैन आहे. नाझी राजवटीने तत्त्वचिंतक हॅना आरेंट यांचं नागरिकत्व काढून घेतलं. नोकरशाहीला पुढे त्यांनी 'कुणाचंच नसलेलं राज्य' म्हटलं. त्याच आरेंट १९५१ मध्ये अमेरिकी नागरिकत्व मिळेपर्यंत कोणत्याच देशाच्या नव्हत्या.