अंदाजे

गोदीजवळच्या एका सभागृहात मागे एका रविवारी दिवसभराची व्याख्यानं होती. त्या भागाचा इतिहास गोळा करणारं एक मंडळ आहे, त्यांनी ठेवली होती. विषय होता, युद्धकाळातली मुंबई. मी पाळी बदलून घेतली आणि गेलो.

माणसं भली होती. बहुतेक पेन्शनीतली. पदरमोड करून जुने नकाशे, फोटो, वर्तमानपत्रं जमवणारी. सकाळी १९४३ सालच्या रेशनिंगवर एक जण बोलला. मग बंदरातल्या जहाजांवर एक. दुपारी, चहा-वडा झाल्यावर, गोदीच्या स्फोटावर. मी त्याचसाठी गेलो होतो.

तारीख १४ एप्रिल १९४४. आपल्याला ही तारीख कुणी सांगायला नको. बाबासाहेबांना त्या दिवशी ५३ वर्षं पूर्ण झाली. ते तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. आणि इथं मुंबईत, व्हिक्टोरिया गोदीत, ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज उभं होतं. इंग्लंडहून निघून, कराचीला कापूस भरून, दोन दिवसांपूर्वीच आलेलं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, ८,७०० कापसाच्या गाठी आणि सोनं. दारूगोळा असलेल्या जहाजावर धोक्याचा लाल बावटा लावतात. तो लावलेला नव्हता.

दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. वक्ता म्हणाला, दोन तास पाणी मारूनही आग का विझली नाही हे लोकांना नवल वाटतं. मला नाही वाटलं. मी रोज गाठी फोडतो. गाठ पेटली की वरून विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसत असते. दाबून बांधलेल्या कापसात पाणी आत शिरत नाही. गाठ फोडून कापूस मोकळा केला तरच ती विझते. इथं तर एकाच खणात कापूस आणि दारूगोळा. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा. गोदी गेली, वखारी गेल्या, मांडवीकडच्या वस्त्या जळाल्या. सुमारे ८० हजार माणसं बेघर झाली. सरकारनं बातमी दाबली. दुसऱ्या दिवशी जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं ती सांगितली. इथल्या बातमीदारांना मे महिना उजाडेपर्यंत परवानगी नव्हती.

मग आकडे आले. सोन्याच्या विटा १२४. किंमत त्या वेळचे ८ लाख ९० हजार पौंड. स्फोटात त्या आकाशात उडाल्या, शहरभर पडल्या, आणि पुढं कित्येक वर्षं गोदीतला गाळ काढताना मिळत राहिल्या. अग्निशमन दलाचे ६६ जवान मेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलला देशभर अग्निशमन दिन पाळतात.

आणि एकूण मेलेले? अंदाजे आठशे ते तेराशे.

पुढच्या फोटोकडे तो वळला, तेव्हा मागच्या बाकावरून एक म्हातारा उठला. पांढरा सदरा, खिशाला निळा बिल्ला. म्हणाला, “सायेब, त्या आठशेत माझा आजा हाय का तेराशेत?”

सभागृहात कुणीतरी हसलं. म्हातारा हसला नाही. म्हणाला, “आजा गोदीत हमाल व्हता. सकाळी गेला, आला न्हाई. मढंबी घावलं न्हाई. आजीनं बारा वर्सं कुकू लावलं. छप्पनसाली दीक्षा घेतली तवा सोताच्या हातानं पुसलं. त्याचं नाव कुठं लिवलंय का, एवढंच इचारतोय.”

वक्ता गप्प झाला. मग हळूच म्हणाला, “बाबा, ठेकेदाराकडच्या रोजंदारी माणसांची नोंद उपलब्ध नाही. नोंद नसेल तर मला काही म्हणता येणार नाही.”

म्हातारा “जय भीम” म्हणाला आणि खाली बसला. पुढचा फोटो लागला.

परतताना गाडीत मी संतापानं पेटलो होतो. वक्त्याला मनातल्या मनात आई-बहिणीवरून शिव्या घातल्या. पण रात्री यंत्रावर उभा राहिल्यावर डोकं थंड झालं आणि प्रश्न उलटा उभा राहिला. वक्ता खोटं बोलला का? नाही. पुरावा नसताना बोलायचं नाही, ही इतिहासाची शिस्त आहे. पुराणं आपल्या मानगुटीवर बसली ती याच शिस्तीच्या अभावी. बाबासाहेबांनी आपल्याला पुरावा मागायला शिकवलं, आणि आता पुरावा मागितला म्हणून आपण चिडायचं? मग त्या सभागृहात अन्याय कुठं झाला? झाला हे तर नक्की. मला तो दिसला.

मी असा विचार केला. नोंद आपोआप होत नाही, ती कुणीतरी करतो आणि त्याला तिची गरज असते. सोन्याची नोंद झाली, कारण सोन्याला मालक होता. जवानांची झाली, कारण ते मस्टरवर होते. त्यांना पगार द्यायचा होता. ते खरोखरच शूर होते, धूर बघूनही पळाले नाहीत. त्यांच्या ६६ मधला एकही आकडा मला कमी करायचा नाही. पण हमाल टोळीवाल्याकडून रोजावर यायचा. आज आला तर आहे, उद्या नाही आला तर दुसरा आहे. गोदी कामगारांची ही नैमित्तिक भरती थांबवा, असं रॉयल कमिशननं १९३१ सालीच सांगितलं होतं. कायदा झाला १९४८ साली. मधल्या वर्षांत जो मेला, तो कुणाच्याच वहीत नव्हता. म्हणजे ‘नोंद उपलब्ध नाही’ ही हरवलेल्या कागदाची गोष्टच नव्हे. ज्याचं जगणं कुणी लिहिलं नाही, त्याचं मरण कोण लिहिणार?

आता आपल्या अभिमानाकडेही जरा याच नजरेनं बघू. कोरेगावच्या स्तंभावर ‘नाक’ लागलेली बावीस नावं आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथं गेले, आणि आपण आजही जातो. जायलाच पाहिजे. पण ती नावं दगडावर कशी आली? कंपनीच्या पलटणीच्या पटावर होती म्हणून. गोऱ्याला माणुसकीचा उमाळा आला म्हणून नव्हे. त्याच गोऱ्यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद केली. १९१७ साली माणसं कमी पडली तेव्हा १११ महार पलटण उभारली आणि १९२१ साली मोडली. पुन्हा १९४१ साली, पुन्हा युद्धात, बाबासाहेबांनी आग्रह धरला तेव्हा महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणजे मालकाला गरज असेल तोवर आपलं नाव. म्हणून दगडावरची बावीस नावं वाचताना मला आता दगडाबाहेरची माणसंही आठवतात. पालखी वाहणारी, गवत कापणारी, मेलेली जनावरं ओढणारी, तोफांच्या मागून चालणारी.

हे फक्त इथलंच नाही. ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धमृतांची स्मारकं राखणारा जो आयोग आहे, त्याचं तत्त्व असं की प्रत्येक मेलेल्याचं नाव कोरायचं, दर्जा न बघता. २०२१ साली त्याच आयोगाच्या अहवालानं कबूल केलं, की पहिल्या महायुद्धातले किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाख मृत असे आहेत ज्यांची नावं कोरली नाहीत किंवा ज्यांची आठवणच ठेवली नाही. बहुतेक आफ्रिका आणि मध्यपूर्वेतले. ‘किमान’ आणि ‘कदाचित’ यांच्यामध्ये दोन लाखांवर माणसं. तसाच १९४३ चा बंगालचा दुष्काळ. चौकशी आयोग म्हणाला १५ लाख, नंतरचे अभ्यासक ३० लाखांपर्यंत जातात. दोन अंदाजांच्या फटीत एक अख्खं शहर मावतं.

इथं एक मित्र मला म्हणाला, “अरे, तू बौद्ध ना? आत्मा मानत नाहीस, श्राद्ध घालत नाहीस, पितर मानत नाहीस. मग मेलेल्याला नाव लागलं काय, न लागलं काय?” प्रश्न बिनतोड आहे. मी दोन दिवस तो डोक्यात घेऊन हिंडलो.

माझं उत्तर असं. मेलेल्याला काहीच मिळत नाही, हे मला मान्य आहे. आज्याला आता भूक नाही, नाव नाही, जात नाही. पण बुद्धानं सांगितलंय की हे आहे म्हणून ते होतं. काल ज्याचं मरण मोजलं नाही, त्याच्यासारख्याचं मरण आज स्वस्त होतं. आजी बारा वर्षं ना सधवा ना विधवा अशी जगली, ते कुणी मोजलं नाही म्हणूनच. म्हणजे मोजणं हे मेलेल्यासाठी नाहीच, ते जिवंतांसाठी आहे. श्राद्धाचा पिंड कावळा खातो. मोजणी पुढच्या माणसाला वाचवू शकते.

आणि हे जुन्या युद्धापुरतं नाही. गटारात आपली माणसं गुदमरून मरतात. सुप्रीम कोर्टानं २०१४ साली सांगितलं, १९९३ पासूनचे असे मृत शोधा आणि प्रत्येकाच्या घरी दहा लाख द्या. २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. पण मधे, २०२१ साली, सरकारनं संसदेत सांगितलं की हातानं मैला साफ करताना एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. मरण होतं, पण ते ‘धोकादायक सफाई’च्या दुसऱ्या रकान्यात गेलं. रकाना बदलला की माणूस मेलाच नाही. १९४४ साली निदान ‘अंदाजे’ तरी म्हणत होते.

मग आपण काय करायचं? एक वाट सोपी आहे. आपणच आकडा ठोकून द्यायचा, एवढे आपले मेले, आणि पोस्टरवर छापायचा. मी म्हणतो, नको. खोटा आकडा हीसुद्धा त्या आज्याची चेष्टाच आहे. त्याच्या जागी आपल्याला हवा तसा पुतळा उभा करणं झालं ते. ज्याचं नाव सापडत नाही त्याची जागा कोरी ठेवायची, पण ती कोरी आहे हे मोठ्यानं सांगायचं. आणि शोधायचं. चाळीत, झोपडपट्टीत म्हातारी माणसं अजून आहेत, ज्यांनी हे आई-आजीच्या तोंडून ऐकलंय. वही घ्या, त्यांच्यापुढं बसा, तारखेसकट लिहा, कुणी सांगितलं तेही लिहा. उद्या कुणी वक्ता ‘नोंद नाही’ म्हणाला तर ती वही त्याच्यापुढं ठेवा. तो प्रामाणिक असेल तर वाचेल. नसेल तर तेही कळेल.

आणि आपलंही माप आपल्याच पदरात घालू. इतक्या १४ एप्रिलना मी मिरवणुकीत नाचलो, घसा फुटेस्तोवर घोषणा दिल्या. त्याच तारखेला चार वाजून सहा मिनिटांनी गोदीत काय झालं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. वक्त्याला शिव्या घालणारा मी कोण?

म्हाताऱ्याला मी सभागृहाच्या दारात गाठलं होतं, हे सांगायचं राहिलं. आज्याचं नाव काय, विचारलं. त्यानं सांगितलं, गावही सांगितलं. मी माझ्या वहीत लिहून घेतलंय. ते इथं छापत नाही. त्याच्या घरच्यांना विचारून मगच छापीन. पण आकडा आता अंदाजे राहिला नाही. एकापासून सुरुवात झाली आहे.

जय भीम.