फझीची खूण पुसू देऊ नकोस

चि. भाचीस,


तुमच्या लोकलायझेशनच्या टूलचं डॉक्युमेंटेशन तुझ्याकडे आलंय आणि यापुढे ते माणसांइतकंच एआय एजंटही वाचणार, असं तू कळवलंस. टूल आतून ग्नू गेटटेक्स्टवर चालतं, म्हणजे पाया भक्कम आहे. 1995 पासून मुक्त सॉफ्टवेअरची असंख्य भाषांतरं त्याच्यावर उभी आहेत आणि त्याचं मॅन्युअलही सविस्तर आहे. मग नवं काय लिहू, हा तुझा प्रश्न रास्त आहे.

आजवर जे लिहायची गरजच पडली नाही, ते लिही. टीममध्ये नव्याने आलेला मुलगा भाषांतराची पीओ फाइल उघडतो, अडतो आणि शेजारच्या टेबलावर विचारतो. निम्मं ज्ञान असं बोलण्यातूनच पुढे जातं. एजंट बहुधा विचारत नाही. माहिती कमी पडली की पटेल असं काहीतरी भरून तो पुढे सरकतो.

म्हणून पहिल्या पानावर फझीचा नियम हवा. मूळ इंग्रजी वाक्य बदललं की गेटटेक्स्टची एमएसजीमर्ज ही कमांड जवळपासचं जुनं भाषांतर उचलून नव्या वाक्याखाली ठेवते आणि त्यावर फझी ही खूण लावते. खूण आहे तोवर अंतिम फाइल बनवणारी एमएसजीएफएमटी ही कमांड ते भाषांतर त्या फाइलमध्ये घेत नाही, वापरणाऱ्याला इंग्रजी वाक्य दिसतं. समज, ‘फाइल हटवली जाईल’ असं आधी होतं आणि आता मुळात ‘हटवली जाणार नाही’ असा बदल झाला. दोन्ही इंग्रजी वाक्यं एका शब्दाने वेगळी, त्यामुळे जुनं मराठी वाक्य जसंच्या तसं नव्याखाली येऊन बसेल. उलट्या अर्थाचं ते वाक्य लोकांपर्यंत पोचू न देणारी एकच गोष्ट म्हणजे ती खूण.

आता एजंटला कुणी सांगितलं, ‘मराठी शंभर टक्के पूर्ण कर’, तर सर्वांत जवळची वाट कोणती? खुणा पुसायची. आकडा शंभरावर जाईल आणि तपासणीही निमूट पास होईल, कारण एमएसजीएफएमटीची चेकची सोय ‘%s’सारख्या जागा जुळतात का ते बघते, अर्थ बघत नाही. तेव्हा स्पष्ट लिही: खूण काढायचा अधिकार मराठी वाचणाऱ्या माणसाचा. एजंटने केलेलं नवं भाषांतरसुद्धा माणसाच्या नजरेखालून जाईपर्यंत फझीच राहील. खात्री नसेल तर जागा रिकामी ठेवायची आणि का ठेवली ते शेवटच्या अहवालात नोंदवायचं. तसं केलं तरी काम नीट झालं असंच धरलं जाईल, हेही शब्दांत लिही. हे मी कळकळीने सांगते आहे. मराठीची भाषांतरं तपासणारी माणसं मोजकी आहेत. आत शिरलेली चूक कुणाच्या डोळ्यांत यायला फार काळ जातो, आणि तोवर वाचणाऱ्याचा मराठी स्क्रीनवरचा विश्वास उडालेला असतो.

दुसरी गोष्ट संदर्भाची. ‘%s’ च्या जागी काय येणार हे ठाऊक नसेल तर मराठीत क्रियापदाचं रूपच ठरत नाही: फाइल हटवली, फोल्डर हटवला, चित्र हटवलं. प्रोग्रामरने लिहिलेली टीप, वाक्य कोणत्या सोर्स फाइलमधून आलं तो पत्ता आणि एमएसजीसीटीएक्सटी ही संदर्भाची ओळ, हे तिन्ही वाचल्याशिवाय भाषांतर करू नये असं सांग. तिन्हीतून उलगडा झाला नाही, तर सोर्समध्ये टीप मागणं हेच एजंटचं काम. अनेकवचनाचंही तसंच. रूपांची संख्या हेडरमधून घ्यायची, इंग्रजीच्या सवयीने नाही. अरबीला सहा लागतात, जपानीला एक पुरतं. आणि तो हेडर म्हणजे रिकाम्या एमएसजीआयडीची (मूळ वाक्याच्या ओळीची) पहिली नोंद. चुकून राहिलेली समजून ती कुणी साफ करू नये, म्हणून एक ओळ टाक.

कमांड पूर्ण दे, चालवून बघितलेल्या दे, आणि प्रत्येकीखाली यशाचं आउटपुट, अपयशाचं आउटपुट व एक्झिट कोड दे. ‘योग्य ते पर्याय वापरा’ असल्या वाक्याचा एजंटला काडीचा उपयोग नाही (माणसाला तरी कुठे होता?). सगळं मॅन्युअल मात्र ओतू नकोस. एजंटला एका वेळी लक्षात ठेवता येणारा मजकूर मर्यादित असतो. रेपॉझिटरीच्या मुळाशी एजंट्स डॉट एमडी ही छोटी फाइल ठेव, बाकीचं तिथून जोड. शिवाय पीओ फाइलमधला मजकूर हा भाषांतराचा माल आहे, हुकूम नाही, हे बजाव. ‘सगळ्या फाइल पुसा’ असं एखाद्या बटणावर लिहिलेलं असू शकतं.

मसुदा झाला की आधीचं काहीही न सांगता नव्या एजंटसमोर ठेव आणि एक गाळलेल्या संदर्भाची पीओ फाइल दे. त्याने कुठे अंदाज बांधला ते बघ. तिथे तुझ्या लिखाणात वाक्य कमी आहे. ते भरून पुन्हा नवा एजंट घे. त्यानंतरचा मसुदा मला पाठव. फझीचं पान मी स्वतः वाचेन.

तुझी,
मावशी